रक्तांतील दाह आणि हाडांची झीज

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. सासूबाईंची पाठ वरचेवर दुखते म्हणून रक्त तपासून घेतलें; त्यांत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या नांवाचें द्रव्य थोडें वाढलेलें निघालें. यावरून त्यांचीं हाडें ठिसूळ झालीं असें समजावयाचें काय, अशी त्यांची पृच्छा आहे. प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र तितकें सरळ नाहीं.

हें द्रव्य १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत प्रथम आढळलें. शरीरांत कोठेंहि दाह उत्पन्न झाला कीं यकृत तें अधिक प्रमाणांत रक्तांत सोडूं लागतें. दाढ सुजो, सांधे धरोत, कीं नुसता अंगावर मेद चढो, त्याचें प्रमाण वाढूं शकतें. धूर दिसला म्हणजे कांहीं तरी जळत आहे एवढें कळतें. चूल पेटली कीं गवताची गंजी, हें धुरावरून ठरत नाहीं.

मग हाडांशीं याचा संबंध कसा जोडला गेला? हाड आपणांस वाटतें तसें निर्जीव नव्हे. जुनें हाड खाणाऱ्या आणि नवें रचणाऱ्या पेशींचें काम त्यांत जन्मभर चालूं असतें. ऋतुनिवृत्तीनंतर इस्ट्रोजन हा स्त्रीरस आटतो, आणि हाडांची झीज वाढते, ही गोष्ट बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांनीं १९४१ च्या सुमारास दाखविली. नवें हाड रचलें जात नाहीं म्हणून असें होतें, असा त्यांचा समज होता. खाणाऱ्या पेशी अनावर होतात, हें पुढें कळलें. त्यांना चेतविणाऱ्या दूतांपैकीं इंटरल्यूकिन-६ हा एक, आणि यकृताला वरील द्रव्य सोडावयास लावणाराहि तोच! १९९२ सालीं बीजकोश काढलेल्या उंदरांत या दूताला निष्प्रभ केलें, तेव्हां हाड खाणाऱ्या पेशींची वाढ थांबली. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ज्या स्त्रियांच्या रक्तांत हा दूत अधिक, त्यांचीं हाडें ऋतुनिवृत्तीनंतरच्या पहिल्या दहा वर्षांत अधिक वेगानें झिजलेलीं आढळलीं. त्यापुढील वयांत मात्र तो संबंध दिसला नाहीं.

तेव्हां संबंध आहे. परंतु एका बाईच्या हाडांचा निर्णय रक्ताच्या या आंकड्यावरून होत नाहीं. शिवाय, नुसतीं विरळ झालेलीं हाडें दुखत नाहींत. तीं मोडतात तेव्हां दुखतात, आणि मणका तर कित्येकदां गुपचूप मोडतो. पाठ सारखी दुखत असून दाहाची खूण चढलेली असेल, तर मणक्याचा क्षय, संधिवात किंवा दुसरें एखादें दुखणें नाहीं ना, हें डॉक्टरांनीं आधीं पाहिलें पाहिजे. ‘हाडें झिजलीं’ म्हणून तें झांकून टाकणें घातक होईल.

आमच्या आत्याबाईंचें लुगडें एकाएकीं पायांत येऊं लागलें, तेव्हां घरांत सारे हंसले, त्याहि हंसल्या. त्यांची उंची घटली आहे हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, आमच्याहि नाहीं. घरांतील दूध सर्वांना वाटून स्वतः पाणचट ताकावर उपास काढणारी ती बाई एका आषाढांत न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं घसरली, आणि मांडीचें हाड खुब्याशीं मोडलें. पुन्हां त्या काठीवांचून चालल्या नाहींत.

म्हणून पत्रलेखिका भगिनींस आम्ही इतकेंच सुचवितों: तेंच रक्त पुनःपुन्हां तपासण्यांत पैसा घालूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें डेक्सा यंत्रावर हाडांची घनता मोजवावी. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेल्या मापाप्रमाणें उणे २·५ किंवा त्याखालीं आंकडा गेल्यास तो अस्थिविरलतेचा रोग समजतात, आणि त्यावर औषधें आहेत. स्त्रीरसाच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून आणूं नयेत. २००२ सालच्या अमेरिकेंतील मोठ्या चांचणींत इस्ट्रोजन व प्रोजेस्टिन यांच्या जोडगोळीनें हाडें मोडण्याचें प्रमाण घटलें, पण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढला. आणि आजच सासूबाईंस भिंतीशीं उभें करून पेन्सिलीनें उंचीची खूण करून ठेवावी.