नाट्यसमीक्षकाचीही तालीम हवी

'घाशीराम कोतवाल' 1972 साली रंगमंचावर आले आणि वाद पेटला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. प्रयोगाचा कणा मात्र होती ती नटांची झुलती रांग, क्षणात भिंत, क्षणात गर्दी. तिच्याविषयी लिहायचे तर जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत वेगवेगळे ओळखता यायला हवे. आपली बहुतेक परीक्षणे कथासार आणि 'नेपथ्य साजेसे' यावरच उरकतात (प्रकाशयोजनेच्या वाट्याला तेवढेही येत नाही). रसिकता शिकवता येत नाही, हे मान्य. नजर मात्र तयार करता येते. त्यासाठी नाट्यवार्ताहराला वाचनापासून रंगीत तालमीपर्यंत बसवायला हवे. तो निर्मात्याचा मिंधा होईल, ही भीती खरीच. पण तालमी पाहिलेल्या नाटकाचे परीक्षण दुसऱ्याकडे सोपवले की झाले.