खेळांतील आकाश

संगणकावरील खेळांत नगरें, अरण्यें, रणांगणें सर्वांस दिसतात. माथ्यावरील आकाशाकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष जातें. पुष्कळदां हें आकाश म्हणजे एका पोकळ घनाच्या आंतील सहा बाजूंस लाविलेलीं सहा चित्रें असतात. त्यांच्या कडा न जुळल्यास नभास शिवण दिसते; सूर्य एकीकडे व सावल्या भलतीकडे पडल्यास सारा देखावा खोटा ठरतो.

असे खेळ रचणारे कित्येक विद्यार्थी आयतें आकाश उचलतात. त्यानें श्रम वांचतात, पण दृष्टि वाढत नाहीं. याउलट, इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यानें १८२१ व १८२२ सालीं हॅम्पस्टेड येथें आभाळाचीं अनेक चित्रें काढिलीं आणि कित्येकांच्या पाठीमागें तारीख, वेळ व वारा यांची नोंद केली.

सृष्टिकर्ता प्रतिदिनीं नवें आकाश उघडीत असतां आमच्या मुलांनीं उसनें कां घ्यावें? पंधरा दिवस सायंकाळीं पश्चिमेकडे पाहून रंगांचें टिपण ठेवणाऱ्याचें चित्र साधें उतरलें, तरी तें त्याचें स्वतःचें होईल. आणि पाहण्याची ती संवय खेळ संपल्यावरही टिकेल. म्हणून मुलें गच्चीवर आभाळाकडे पाहत उभीं दिसलीं, तर पालकांनीं त्यांस लागलीच अभ्यासास पिटाळूं नये.