ओळखीचे भांडवल

दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांनी आपापल्या व्यवसायात एकमेकांना हात देण्यासाठी मंडळ उभारावे, असे म्हटले की आक्षेप ठरलेला असतो: गुणवत्ता असेल तर माणूस वर येतोच, वेगळ्या मंडळाने फक्त फूट पडते. हा आक्षेप ऐकायला न्याय्य वाटतो, म्हणूनच तो चेण्यात उभे राहून तपासला पाहिजे. घोडबंदर रस्त्यालगत, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला टेकलेले हे गाव मीरा-भाईंदर महापालिकेत आहे. इथल्या आदिवासी पाड्यांपासून ठाणे-मुंबईची कार्यालये फार दूर नाहीत. पण ज्या घरात पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोचते, त्या घरातून त्या कार्यालयांत आधी गेलेले कोणी नसते. वकिलाच्या हाताखाली उमेदवारी कशी मिळते, लेखापालाकडे आर्टिकलशिपसाठी कोणाला भेटायचे, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते घरच्या नाहीतर ओळखीच्या माणसाकडून कळते. गुण सिद्ध करण्याची संधीच अशी ओळखीतून येत असेल, तर गुणवत्ता एकटी कशी पुरेल?

फुटीचा आक्षेप तर इतिहासापुढे टिकत नाही. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली, ती चित्रापूर सारस्वतांतील गरजूंना आधार देण्यासाठी. पुढे तिची बँक झाली आणि ती सर्वांना खुली झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांना बळ दिले, १९०२ साली संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि पुढे अस्पृश्यांना वकिलीच्या सनदाही दिल्या. शिक्षणानंतर व्यवसायाचे दारही उघडावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. सुस्थित समाजाने आपल्या माणसांना सावरले की ते सहकार्य, आणि वंचितांनी तेच केले की फूट, असा न्याय कसा मानायचा?

आरक्षण असताना आणखी कशाला, असेही विचारले जाते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना सात टक्के आरक्षण आहे, पण नोकरीच्या बाबतीत ते सरकारी सेवेपुरते. खासगी कंपनीच्या भरतीला ते लागू नाही. शिवाय नियम झाला म्हणजे काम झाले असेही नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के वाटा ठरला, तरी प्रत्यक्ष खरेदी त्याच्या खूप मागे राहिली. निविदेची माहिती वेळेवर पोचवणारे आणि हक्कासाठी पाठपुरावा करणारे संघटन लागतेच. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात सुरू केलेली दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना याच गरजेतून उभी राहिली.

एक आक्षेप मात्र खरा आहे: अशा मंडळांचा लाभ पुष्कळदा आधीच पुढे गेलेलेच घेतात. पण त्यावर उपाय मंडळ मोडणे हा नाही. त्याची घडण बदलणे हा आहे. सभा शहरातल्या हॉटेलात न भरवता पाड्यात भरवावी, बोलणे तिथल्या भाषेत व्हावे, घरातून पहिल्यांदा शिकलेल्यांना आणि मुलींना आधी जागा मिळावी. आणि ज्याला मंडळाने नोकरीच्या दारापर्यंत नेले, त्याने पुढच्या दोघांना तिथवर आणण्याची जबाबदारी घ्यावी. ओळख हे भांडवल वाटल्याने वाढते. चेण्यातल्या पदवीधर मुलीला तिच्याआधी गेलेली एक मुलगी भेटली, तर तिसरीला वाट विचारावी लागणार नाही.