पाहुण्याचे ताट

गेल्या दिवाळीत माझा भाचा स्वित्झर्लंडची सहल करून आला आणि चार दिवस वसईला आमच्याकडे राहिला. तिकडे म्हणे वितळलेल्या चीजचे पातेले पुढ्यात येते; लांब काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, त्यात बुडवायचा आणि खायचा. त्याला फॉन्ड्यू म्हणतात. हे सांगून झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "मामा, आता तुमच्या वसईचं खास काय ते खाऊ घाला!"

मी त्याला किल्ल्यात नेले. पोर्तुगीज इथे १५३४ साली आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवले, वगैरे वर्गात सांगावे तसे सांगितले. त्याला भूक लागली. वाटेत मिळाला वडापाव. तो काय, दादरलाही मिळतो!

वास्तविक पोर्तुगीज गेले तरी त्यांचा शिरका इथल्या ख्रिस्ती घरांत राहिला आहे. शिरक्या-लसणातले मांसाचे इंदेल, उन्हाळ्यात कुटून गडद बाटल्यांत दडपून भरलेला बाटली मसाला, आणि फुगे! ताडीने आंबवलेला सैल मैदा मुठीतून पिळून कढईत सोडला, की लिंबाएवढा गोळा टम्म फुगतो. हल्ली ताडीच्या जागी बहुधा यीस्ट असते.

ही माहिती माझी ऐकीव. नव्याने नोकरीवर आलो तेव्हा शेजारच्या आजींनी नाताळात फुग्यांचे ताट पाठवले होते. त्यात अंडे आणि ताडी आहे हे कळताच मी, पुण्याचा शुद्ध शाकाहारी, ते तसेच परत नेऊन दिले. आजी एवढेच म्हणाल्या, "बरं, मास्तर." पुढल्या नाताळात ताटात सुकेळी आली. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधतात, चव मधासारखी. "हे चालेल ना?" त्यांनी विचारले. पुढे दर वर्षी सुकेळीच आली. आजी जाऊन आता सहा वर्षे झाली.

भाच्याला घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि सूनबाईंना विचारले, "नाताळात फुगे करता का हो अजून?"

"करते की. सासूबाईंसारखे जमत नाहीत." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण सर, तुम्ही खाल?"

नाताळात ताट आले. आमच्या हिने मोजले. पंचवीस फुगे होते. भाचा दादरला होता. त्याला मी मुद्दामच कळवले नाही.