उंच मुलीचा प्रश्न

जळगाव-धुळ्याकडील मध्यमवर्गीय घरात मुलगी चौदाव्या वर्षी आईच्या डोक्यावरून वर जाऊ लागली, की कौतुकापेक्षा काळजीच अधिक व्यक्त होते. 'हिच्या जोडीचा मुलगा कुठून आणायचा?' असे पाहुण्यारावळ्यांत हसतहसत विचारले जाते, आणि ती मुलगी खांदे पाडून, किंचित वाकून चालावयास शिकते. जी उंची एखाद्या खेळात भांडवल ठरली असती, ती घरात वैगुण्य ठरते. खानदेशात महिला बास्केटबॉलचा विचार करावयाचा, तर त्याचा प्रारंभ या वाकलेल्या खांद्यांपासूनच करावा लागेल.

केरळातील कोट्टायमच्या गीतू अ‍ॅना जोसची उंची सहा फुटांहून अधिक. हीच उंची घेऊन ती भारतीय संघाची कर्णधार झाली. २००६ ते २००८ या काळात ती ऑस्ट्रेलियातील रिंगवूड हॉक्स या क्लबकडून खेळली. २०११ साली अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगमधील तीन संघांनी तिची चाचणी घेतली. निवड झाली नाही. परंतु भारतीय खेळाडू त्या दारापर्यंत पोहोचू शकते, हे सिद्ध झाले. २०१४ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. या साऱ्या कर्तृत्वामागे तिचा चरितार्थ मात्र एका साध्या गोष्टीवर उभा होता : दक्षिण रेल्वेतील नोकरीवर.

येथेच 'व्यावसायिक खेळाडू' या शब्दाचा भारतीय अर्थ स्पष्ट होतो. अमेरिकेत १९९७ पासून महिलांची व्यावसायिक लीग चालू आहे. आपल्याकडे कबड्डीपटूंना २०१४ पासून आणि महिला क्रिकेटपटूंना २०२३ पासून तसे व्यासपीठ लाभले. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला वर्षभराचे वेतन देणारी स्थिर लीग मात्र उभी राहिलेली नाही. तिचा व्यवसाय म्हणजे क्रीडा कोट्यातील नोकरी. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या महिला संघाने वर्षानुवर्षे जे वर्चस्व गाजविले, त्याचे रहस्यही हेच आहे. जेथे भाकरीची शाश्वती, तेथे गुणवान मुली एकत्र येतात.

'नोकरीसाठी खेळणे म्हणजे खेळाचा अपमान' असे म्हणणारे शुद्धतावादी आहेत. त्यांना शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरचा हिशेब ठाऊक नसावा. मुलीला रोज दोन तास मैदानावर पाठविणाऱ्या बापाला उद्याचा काही आधार दिसावा लागतो. राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण, किंवा रेल्वेची भरती, हा तो आधार आहे. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

तथापि दुसरी बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. या जागा मोजक्या असतात आणि राष्ट्रीय पातळी गाठलेल्यांनाच त्यांचा खरा लाभ होतो. शंभर मुली खेळल्या, तर नव्वदांहून अधिक मुलींना खेळाने नोकरी मिळणार नाही. म्हणून केवळ नोकरीचे आमिष दाखवून मुलींना मैदानावर आणणे ही फसवणूक होईल. उरलेल्या मुलींना खेळाने काय दिले, याचे उत्तर आपल्यापाशी हवे. आणि ते उत्तर आहे. ताठ पाठ, दमदार छाती, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय आणि स्वतःच्या देहाविषयीचा निःसंकोच विश्वास. ज्या घरात उंची लपवावी लागते, त्या घरातील मुलीच्या दृष्टीने हा लाभ नोकरीहून लहान नाही.

मग अडते कोठे? पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचे नेतृत्व केले. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे नमविणाऱ्या संघात ती होती. पुण्यातील मुलीला जे मिळते, ते धुळ्यातील मुलीला का मिळू नये? मैदान अट्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद लागते. एवढी जागा अनेक शाळांच्या आवारात आहे. अडचण जागेची नसून वेळेची आहे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला भिडतो. सिमेंटचे मैदान तापलेल्या तव्यासारखे होते. सराव पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच शक्य. आणि दिवेलागणीनंतर मैदानावर दिवे नसतात, शिक्षिका नसते, गावी जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली असते. मुलगी घरी बसते ती खेळाच्या नावडीमुळे नव्हे, तर या अंधारामुळे.

यावरचा उपाय कोट्यवधींच्या संकुलात नाही. तालुक्यागणिक एका शाळेच्या मैदानावर चार दिवे, मानधनावर नेमलेली एक प्रशिक्षिका आणि सराव संपल्यावर सुटणारी एक एसटी, इतकेच हवे आहे. मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय भुसावळला, म्हणजे जळगाव जिल्ह्यातच आहे. ज्या रेल्वेने देशभरच्या खेळाडू मुलींना पोसले, तिच्या अंगणातील मुलींनी मात्र तिच्या संघांची नावे केवळ वृत्तपत्रात वाचावीत, हे शोभणारे नाही. जिल्हा परिषदा, नगरसंस्था, शिक्षणसंस्था आणि रेल्वे यांनी एकत्र बसून हा प्रश्न एका बैठकीत सोडविता येण्याजोगा आहे.

तोवर घराघरांतून एवढे तरी व्हावे : वाढत्या मुलीला 'वाकून चाल' असे कोणी सांगू नये.