परसांतील पेरू आणि शेजार

ज्याच्या परसांत पेरूचीं दोनचार झाडें नाहींत असा बागाइतदार क्वचितच आढळेल. बाजारासाठीं लावलेल्या बागेची राखण होते. परसांतील झाडांस मात्र कोणी वाली नसतो. आंबेबहाराचें फळ ऐन पावसाळ्यांत एकदम पिकतें, घरचीं माणसें खाऊन कंटाळतात, आणि उरलेलें झाडाखालीं कुजतें. शेजारचें पोर कुंपणावर चढलें कीं तेवढे आपण ओरडतों!

हा नुसता कृपणपणा नव्हे, आतबट्ट्याचा व्यवहारही आहे. फळमाशी पिकूं लागलेल्या पेरूच्या सालीखालीं अंडीं घालते, अळ्या गर खातात आणि गळलेल्या फळांतून निघून मातींत कोष करितात. त्यांतून उठलेल्या माशीला कुंपण कसलें? गेल्या पावसाळ्यांत प्रस्तुत लेखकाच्याच परसांतील सडा शेजारच्या वीस गुंठे पेरूस भोंवला. तें ऐकून घेतांना मान वर करवली नाहीं.

सबब हिरवा रंग फिका पडूं लागतांच फळ एक दिवसाआड उतरावें व त्याच सकाळीं आळींत वांटावें. गणेशखिंड येथें १९२७ सालीं निवडलेला ‘सरदार’ पेरू ज्यांनीं लावला आहे, त्यांनीं तर झाडाचें फळ एका घरांत संपेल ही आशाच सोडावी. निवडक आपणांस व डागी शेजाऱ्यांस, ही रीत मात्र नको. किडकें फळ कोणासही न देतां दोन फूट खोल पुरावें.

हिंवाळ्यांत येणारें मृगबहाराचें फळ अधिक गोड. आमच्याकडील त्याची पहिली टोपली यंदा त्या वीस गुंठेवाल्यांकडे जावयाची आहे.