खेकडा आणि आपली भूतदया

जपानी लोक जिवंत मासा चिरून खातात, हे ऐकताच आपल्या सुशिक्षित घरांत शिसारीचा उद्गार निघतो. 'इकिझुकुरी' या प्रकारात मासा हालत असतानाच त्याचे काप ताटात मांडतात. 'ओदोरी-एबी' म्हणजे नाचणारी कोळंबी तर वळवळत असतानाच तोंडात टाकतात. ही चाल क्रूर आहे, यात संशय नाही. परंतु तिचा धिक्कार करण्याचा अधिकार आपण कोठून मिळविला?

श्रीरामपुराहून फार दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यातील अकोल्याच्या डोंगरी ओढ्यांत पावसाळ्यात खेकडे धरतात. जिवंत खेकड्याच्या नांग्या आणि पाय मोडावयाचे, पाठीचे कवच उपटावयाचे, पाय वाटून गाळून रस्सा करावयाचा, ही रीत तेथपासून मालवणापर्यंत सर्वत्र आढळते. जपान्याचा मासा ताटात तडफडतो, आपला खेकडा मोरीत. जेवणाऱ्याच्या दृष्टीस तो पडत नाही, एवढाच भेद.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, खेकड्याला कसल्या वेदना? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील रॉबर्ट एलवुड यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या आडोशात विजेचा धक्का बसे तो आडोसा खेकडे टाळू लागले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने खेकड्यांची गणना संवेदनशील प्राण्यांत केली.

दुसरे उत्तर असे की, मेलेला खेकडा लवकर नासतो. हे खरे आहे. परंतु त्यावरून तो शिजविण्यापूर्वी थोडाच वेळ मारावा, एवढेच सिद्ध होते. तो अवयवशः मारावा, हे नव्हे. याचा धडा त्याच जपानात मिळतो. तेथील 'इकेजिमे' रीतीत माशाच्या मेंदूत टोचा खुपसून त्यास तत्क्षणी मारतात, आणि त्याचे मांस उलट अधिक चांगले राहते. खेकडाही बर्फात ठेवून निपचित करता येतो, आणि मग त्वरेने मारता येतो. ताजेपणाला यातनांची गरज नाही.

आपला १९६० चा प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायदा मनुष्येतर प्रत्येक सजीवास प्राणी मानतो. अन्नासाठी प्राणी मारण्याची मुभा तो देतो. अनावश्यक वेदना देण्याची देत नाही.

मांसाहार सोडा, असे माझे म्हणणे नाही. खाणाऱ्याने खावे, परंतु पाच मिनिटांच्या खटपटीने टळणारा छळ केवळ सवयीने चालू ठेवावा आणि भूतदयेच्या नावाने परक्यांस नाके मुरडावी, हे सुशिक्षितपणाला शोभत नाही.